आपाच्या वखारीतला रविवार

आपा, आधी गल्लीची बातमी सांगतो, कारण तू जिथे असशील तिथून पहिला प्रश्न तोच विचारशील. नाक्यावरच्या बदामाच्या झाडावर तुझे दोन फ्लेक्स लागलेत. एक या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. दोन्हींवर तू 'आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक' आहेस आणि दोन्हींवर फोटो तोच आहे, तुझ्या विजयच्या लग्नातला, फेटेवाला. तुझ्याभोवती हात जोडलेले इतके चेहरे छापलेत, की नवखा माणूस थांबून विचारतो, यातला गेला कोण? आणि फ्लेक्स दोरीने बांधलेले नाहीत. खोडात खिळे ठोकलेत. तू असतास तर पक्कड घेऊन धावला असतास. "खिळा म्हणजे करवतीचा वैरी" हे तुझं वाक्य मला गेली वीस वर्षं पाठ आहे. झाडात मुरलेल्या अशाच एका खिळ्याने तुझ्या करवतीचे दात मोडले होते आणि तू महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दात दाखवत होतास, मुलाची मार्कशीट दाखवावी तसे.

काल तुझं तेरावं झालं. वडे चांगले होते. मी तीन खाल्ले. वाढपी चौथा घेऊन आले तेव्हा नको म्हणालो, आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच गेलोय.

मी हिंदमाताच्या दुकानात गादीवर बसून बायकांपुढे साड्या उलगडणारा माणूस. तू लालबागच्या गल्लीत लाकडाची वखार चालवणारा आणि पावसाळ्यापूर्वी मुंबईभर झाडांच्या फांद्या छाटत फिरणारा माणूस. आपली ओळखच व्हायचं काही कारण नव्हतं. झाली ती आमच्या चाळीतल्या जांभळामुळे. त्याची एक फांदी आमच्या गॅलरीत शिरली होती, ती छाटायला तू दोर बांधून वर चढलास. मी कठड्याला टेकून, हातात चहाचा कप घेऊन, तुला दिग्दर्शन करत होतो. जरा डावीकडून. ती बारीक राहू दे. अरे, ती नको, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो.

तू वरून म्हणालास, "मेल्या, तूच ये वर. मी खाली बसून सांगतंय."

आणि मी गेलो. मला कुणी आव्हान दिलं की माझी अक्कल कप खाली ठेवते. जांभळाची फांदी दगाबाज असते, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. उतरता येईना. सगळी चाळ गॅलरीत जमली. तू उतरून माझ्या जागी कठड्याला टेकलास, माझाच कप उचललास आणि म्हणालास, "आता जरा डावीकडून." अर्धा तास तू मला झाडावर ठेवलंस. उतरवताना मात्र कमरेला दोर बांधून, एकेक पाऊल कुठे टाकायचं ते सांगत, बाळाला उतरवावं तसं उतरवलंस. त्या रविवारपासून मी वखारीत यायला लागलो.

जोगळेकरबाईही अशाच आल्या. दादरच्या, बँकेतून निवृत्त, झाडं वाचवणाऱ्या मंडळींच्या म्होरक्या. तू एका शाळेजवळ वडाची कुजलेली फांदी उतरवत होतास. बाई फलक घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ खोडाला मिठी मारली. घोषणा सुरू झाल्या. तू वरून शांतपणे म्हणालास, "बाई, मिठी मारा, पण डाव्या अंगाने मारा. उजवीकडे मुंगळे आहेत." बाईंनी आधी परवानगीचा कागद वाचला, मग हातावरचे मुंगळे झटकले. पुढच्या आठवड्यात त्या वखारीत हजर. 'तोडलेलं लाकूड जातं कुठे' याचा माग काढायला आल्या होत्या. तू त्यांना स्टूल दिलंस, चहा दिलास आणि म्हणालास, नुसत्या बसू नका, ढलप्या गोळा करा. त्या गोळा करायला लागल्या. तुझ्या शेवटच्या रविवारपर्यंत करत होत्या.

वखारीची रीत जुनी. रविवारी सकाळी जो येईल त्याने चार ओंडके फोडून द्यायचे, चहा प्यायचा आणि देशाचं काय चाललंय ते बोलायचं. मग पक्ष फुटला. आपल्या गल्लीत म्हणजे घरातलं ताट फुटल्यासारखंच झालं. एकाच्या दोन शाखा, एका मंडळाचे दोन गट, सख्खे भाऊ वेगवेगळ्या बाकड्यांवर. एका रविवारी तुझ्याकडे दोघेजण कुऱ्हाडी हातात घेऊन याच विषयावर बोलू लागले. आवाज चढले. एकाची कुऱ्हाड सुटली आणि चहाच्या किटलीत घुसली. किटली गेली, माणूस वाचला.

त्या दिवशी तू नियम केलास. "ज्याच्या हातात कुऱ्हाड, त्यानेच बोलायचं. आणि आपल्या बाजूने नाय बोलायचं. समोरच्याच्या बाजूने बोलायचं. तीन ओंडके फुटेपर्यंत. बाकीच्यांनी ऐकायचं."

मी म्हटलं, "हे कशाला?"

"आपल्या बाजूने बोलणाऱ्याच्या हातात मी कुऱ्हाड देणार नाय."

असा नियम कुठल्याही सभागृहात नसेल. सुरुवातीला आम्ही नुसती टिंगल करायचो. मी कुऱ्हाड उचलून, ज्यांना मी मत दिलं नसतं त्यांच्या बाजूने छाती फुगवून भाषण ठोकायचो. दुसऱ्या ओंडक्यापर्यंत दम लागायचा. आणि दम लागला की माणूस टिंगल सोडून खरा मुद्दा शोधतो. तिसऱ्या ओंडक्याला मला त्यांचं एखादं म्हणणं पटलेलं असायचं, आणि त्याचा मला दिवसभर राग यायचा.

माझगावचा फ्रान्सिस आठवतो? म्हणजे तुला आठवणारच, तुझं अर्धं सरपण त्याच्या बेकरीत जायचं. लाकडाच्या भट्ट्या बंद करा, गॅस नाहीतर वीज वापरा, असं फर्मान निघालं तेव्हा तो पेटून वखारीत आला. तू त्याच्या हातात कुऱ्हाड दिलीस. नियमाप्रमाणे त्याला भट्टीच्या विरुद्ध बोलायचं होतं. पहिला ओंडका त्याने नुसताच फोडला. दुसऱ्याला म्हणाला, "धूर वाईट आहे." तिसऱ्याला म्हणाला, "माझा बाप खोकून खोकून गेला, तो काय सिगारेट ओढायचा?" मग कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "पण आपा, पावाला ती चव येणार नाय रे." बाईंनीच त्याच्यापुढे चहा केला.

पुढची पाळी तुझी होती. तूही भट्ट्या बंद व्हाव्यात म्हणून बोललास. आम्हाला वाटलं, बरोबर आहे, हा सरपण विकतो, म्हणजे याने उलट बाजूने हेच बोलायला हवं. काय बोललास रे! "लाकूड विकणाऱ्याला झाड दिसतच नाय, गाडी दिसते. मी बाभूळ बघितली की मनात आधी वजन करतो. असा माणूस शहरात एक कमी झाला तर बिघडलं काय?" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी शिट्टीही वाजवली. म्हटलं, काय नट आहे!

पक्षाच्या भांडणातही तसंच. कुऱ्हाड तुझ्या हातात आली की तू नेहमी आमच्या बाजूने बोलायचास, जे सोडून गेले नाहीत त्यांच्या बाजूने. आणि इतकं सुरेख बोलायचास, की आमच्या नेत्यांना जमत नाही. त्यावरून आम्ही सगळ्यांनी हिशेब मांडला, की मनातून आपा त्या दुसऱ्यांचा. कुऱ्हाड खाली ठेवल्यावर तू कधी हो म्हणाला नाहीस, कधी नाही म्हणाला नाहीस. "चहा घे" म्हणायचास.

मग निवडणूक आली. आता हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. निकालानंतरच्या दुसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलेलं होतं. आमचा माणूस पडला होता. तू मला चहा पुढे केलास आणि मी सगळ्यांसमोर, हातात कुऱ्हाड नसताना, म्हणालो, "गद्दाराच्या हातचा चहा नको मला."

गल्लीत तो शब्द तेव्हा स्वस्त झाला होता. पोरं क्रिकेटमध्ये रन-आऊट केलं तरी तोच शब्द वापरायची. पण तू तो कप हातात धरून उभाच राहिलास. बाई म्हणाल्या, "नंदू, अहो!" फ्रान्सिसने मान खाली घातली. तू कप माझ्याजवळच्या ओंडक्यावर ठेवलास आणि म्हणालास, "निवेल तो." मी तसाच उठून गेलो.

तीन महिने आलो नाही. रविवारी सकाळी घरात बसून मी बायकोला देशाचं काय चाललंय ते सांगायचो. ती म्हणायची, "तुम्ही वखारीत जा नाहीतर भाजी निवडा."

आणि एके दिवशी, भर गर्दीच्या वेळी, तू वहिनींना घेऊन आमच्या दुकानात शिरलास. माझ्यासमोरच्याच गादीवर बसलास. एक शब्द इकडचा नाही, तिकडचा नाही. "साडी दाखवा."

मी दाखवली. "दुसरी." दुसरी. "जरा डावीकडची." मी त्या जांभळावर परत चढलो होतो. आपा, तू मला चाळीस साड्या उलगडायला लावल्यास. काठपदर, बिनकाठाच्या, लग्नाच्या, बारशाच्या. मालक कौतुकाने बघत होता, वहिनी पदरात तोंड लपवून हसत होत्या. चाळिसावी साडी अंगाखांद्यावर घेऊन मी घामाघूम उभा राहिलो तेव्हा तू उठलास आणि म्हणालास, "नको. रंग पटत नाय. रविवारी येतोस ना?"

मी म्हटलं, "येतो."

झालं. आपला समेट. तो शब्द मी परत घेतला नाही. म्हटलं, चाळीस साड्यांत फिटलं. बोलायचं राहून गेलं असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू यायचं. मी आयुष्यभर बोलतच आलोय, माझं काय राहणार?

त्यानंतरचा दुसराच रविवार शेवटचा निघाला. विषय बाईंनी काढला. प्रेताला लाकूड द्यावं की गॅसची दाहिनी. पाळी तुझी. तू आंब्याचा एक गाठाळ ओंडका घेतलास आणि दाहिनीच्या बाजूने सुरू झालास. आम्ही नेहमीसारखे मजा बघायला सरसावून बसलो, कारण लाकूडवालाच लाकडाविरुद्ध बोलतोय. तिसऱ्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतली. निघेना. तू जरा थांबलास, श्वास घेतलास आणि म्हणालास, "जन्मभर झाडं उतरवली. माझ्यासाठी आणखी एक नको." मग चहा मागितलास.

चार दिवसांनी विजयचा फोन आला. सकाळी आंघोळीला गेलास तो बाहेर आलाच नाहीस.

आता स्मशानातलं सांगतो, कारण तू तिथे असूनही तुला काही ऐकू येत नव्हतं. विजयने वखारीतलंच लाकूड टेम्पोत भरून आणलं होतं, निवडून निवडून, बाभूळ आणि आंबा. तिथल्या माणसाने विचारलं, लाकूड की गॅस? तुझे कणकवलीचे चुलतभाऊ म्हणाले, "हो काय प्रश्न झालो? लाकडाचो माणूस लाकडारच जातलो." विजय माझ्याकडे वळला. "काका, आई म्हणाली नंदू भावजींना विचार. बाबा काही बोलले होते का?"

बोलले होते. पण कुणाच्या बाजूने?

"मनापासून बोलले होते," जोगळेकरबाई म्हणाल्या.

"नाय बाई, कुऱ्हाड हातात होती," फ्रान्सिस म्हणाला. "म्हणजे उलट. त्याला लाकूडच पाहिजे."

"हातात कुठे? ओंडक्यात रुतली होती."

"रुतली तरी दांड्यावर हात होता ना!"

"हात गुडघ्यावर होता, फ्रान्सिस. मी समोर होते."

तू तिरडीवर, आणि आम्ही तीन पिकलेली माणसं, दबक्या आवाजात, तुझा हात दांड्यावर होता की गुडघ्यावर यावर हमरीतुमरीला आलेलो. चुलतभावांना वाटलं, आम्ही शोकाने वेडे झालोय. मला हसू येत होतं. पण मी चुकलो तर दुरुस्ती नव्हती. बाकी कुठल्याही मुद्द्यावर पुढचा रविवार असायचा.

मला खरंच माहीत नव्हतं, आपा. मी डोळे मिटून तुझा आवाज आठवला. तू भाषण करायचास तेव्हा टाळीसाठी जागा सोडायचास, नाटकवाल्यासारखी. वाक्य झालं की भुवया वर, एक श्वास, टाळ्या, मग पुढे. त्या वाक्यानंतर तू जागा सोडली नव्हतीस. लगेच चहा मागितला होतास. तेवढ्या एका आधारावर मी म्हणालो, "गॅस."

चुलतभाऊ भडकले. "गॅसार च्याय करतत, माणूस नाय!" विजयने माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. मान हलवली. लाकडं तिथेच ठेवून दिली, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी. आणि तुला आम्ही त्या दारातून आत सोडलं. दार बंद झालं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की फ्रान्सिसचं बरोबर असलं तर?

हा विचार घेऊन मी तेरा दिवस काढले. दुकानात हिरवी मागितली तर निळी दाखवत होतो. तुझ्या लाडक्या लाकडापासून मी तुला तोडलं, एका टाळीच्या जागेवरून. काल पंगत उठल्यावर राहवेना. वहिनी मागच्या बाजूला भांडी मोजून देत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. नियम, रुतलेली कुऱ्हाड, दांडा, गुडघा. म्हटलं, वहिनी, मी चुकलो असेन तर मला सांगा.

वहिनी हातातलं पातेलं घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मग तेरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"भावजी, तुमका खराच वाटायचा, ते उलट बोलतत म्हणान?"

"म्हणजे?"

"ह्यांनी जन्मात कधी उलट बोलूक नाय. नियम तुमच्यासाठी होतो. मी एकदा इचारलंय तर म्हणाले, कुराड हातात असताना खोटा बोलला की नजर हलता, आणि घाव पायार येता."

मी पाटावर बसलो. आपा, मी साड्या उलगडणारा माणूस, एकेक घडी उलगडत गेलो. तू भट्ट्या बंद करा म्हणालास ते खरं होतं. असा लाकूडवाला शहरात कमी झाला तर बिघडलं काय, हे तू स्वतःबद्दल बोलत होतास आणि मी शिट्टी वाजवली. आपल्या पोटावर पाय येणारी गोष्ट तू दर रविवारी आमच्यासमोर कबूल करत होतास आणि आम्ही म्हणायचो, काय नट आहे! दाहिनीचं खरं होतं, हात कुठेही असला तरी. म्हणजे तुला मी नीट पोचवलं. नशिबाने, पण पोचवलं. तेरा दिवसांचा दगड छातीवरून उतरला, तो खाली पडेपर्यंत मला दुसरी घडी दिसली.

तू आमच्या बाजूने बोलायचास, तेही खरं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "मग मी त्यांना गद्दार म्हणालो तेव्हा ते बोलले का नाहीत?"

"घराक येवन हसले. म्हणाले, आपलोच माणूस आपल्याच बाजून भांडता, मधी कित्याक बोलू?" त्यांनी पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "पण त्या दिवशी जेवूक नाय ते."

हे तू मला चाळीस साड्यांत सांगितलं नाहीस.

फ्लेक्सवाले दोघेही मला विचारतात, आपा नक्की कुणाचे होते? तो प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवावा. मला दुसरंच काम आहे. तो शब्द मी चारचौघांत उच्चारला होता, म्हणून मनातल्या मनात परत घेऊन चालणार नाही, चारचौघांतच घ्यायला हवा. त्यासाठी हे लिहितोय. एवढी पानं गोष्टी सांगत आलो, ती माझी खोडच आहे. सांगायचं होतं ते एका ओळीचं. तू गद्दार नव्हतास. मी चुकलो.

पण आपा, त्या दिवशी तू जेवायला हवं होतंस रे.